टेरारिया: पहिल्यांदाच खाली उतरणाऱ्यांसाठी (नागपूरकरांनी हजेरी लावावी)

इतवारीवाला | रविवार, दुपारी ३:१०

टेरारियाचे तेच ते प्रश्न आमच्या ग्रुपवर फिरून फिरून येऊन राहिले आहेत. अंधारात काही दिसत नाही. खड्ड्यात पडलो, आता वर कसा येऊ. घर बांधलं तरी कोणी राहायला येत नाही. व्हॉट्सॲपवर उत्तर दिलं की सकाळपर्यंत ते गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली गाडलं जातं, म्हणून इथे धागा काढतो. सुट्या लागल्यात, ऊन असं की दुपारी सीताबर्डीवरसुद्धा शुकशुकाट. शिकायला वेळ बरी आहे.

ज्यांना गेमच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०११ च्या मे महिन्यात आलेला गेम, री-लॉजिक नावाच्या अमेरिकन कंपनीचा. बाजूने दिसणारं सपाट जग, सगळं चौकोनी ठोकळ्यांचं, आणि जवळजवळ प्रत्येक ठोकळा खोदता येतो. जुन्यापान्या लॅपटॉपवर चालतो, मोबाइलवरही आहे. लहान जग ४२०० ठोकळे रुंद आणि १२०० उंच, मोठं ८४०० रुंद आणि २४०० उंच. पहिल्या खेपेला लहान घ्या, फार तर मध्यम. मोठ्या जगात नुसतं चालूनच जीव जातो.

सुरुवातीला हातात असतं काय? तांब्याची आखूड तलवार, तांब्याची कुऱ्हाड आणि तांब्याची पिकॅक्स (खोदायची कुदळ). नवीन माणूस पिकॅक्स उचलतो आणि पायाखाली खोदत सुटतो. थांबा जरा. पहिला दिवस झाडं तोडा. १० लाकडांत वर्कबेंच (वस्तू बनवायचं टेबल) होतं. उड्या मारणारे चिकट गोळे, म्हणजे स्लाइम, मारा, त्यांच्यातून जेल पडतं. एक लाकूड आणि एक जेल मिळून ३ टॉर्च. पहिल्या खेपेला खाली जाताना टॉर्च भरपूर हवेत, आणि तुम्हाला भरपूर वाटतील त्याच्या दुप्पट घ्या.

खोदायला काही शिकावं लागत नाही, माऊस दाबून धरला की झालं. शिकावं लागतं ते परत वर येणं. तुमचं पात्र २ ठोकळे रुंद आणि ३ ठोकळे उंच असतं. म्हणजे उभा खड्डा निदान २ रुंद पाहिजे आणि आडवा बोगदा निदान ३ उंच. त्याहून मोठा खोदलात तर नुसता वेळ वाया. उतरताना सरळ खाली जाऊ नका, जिन्यासारखं तिरकं खोदा. येताना उड्या मारत वर येता येतं. जिथे उभंच उतरावं लागेल तिथे लाकडी प्लॅटफॉर्म लावत जा, एका लाकडात दोन होतात, त्यांच्यातून खालीही उतरता येतं आणि वरही चढता येतं. दोर मिळाला तर उत्तमच. मडकी फोडत चला, त्यांच्यात दोर, टॉर्च, नाणी, बॉम्ब काहीही निघतं. आणि २५ ठोकळ्यांपेक्षा जास्त उंचीवरून आदळलात तर मार बसतो. खाली पाणी असलं तर बसत नाही, पडता पडता दोर पकडला तरी वाचता.

पीसीवरच्या तीन गोष्टी कोणी सांगत नाही. कंट्रोल दाबला की स्मार्ट कर्सर चालू होतो, मग कुठला ठोकळा फोडायचा ते गेम स्वतःच ठरवतो. शिफ्ट धरून अंधाराकडे कर्सर नेला की टॉर्च आपोआप हातात येतो, पट्टीत शोधत बसावं लागत नाही. आणि ऑल्ट धरून एखाद्या वस्तूवर क्लिक केलं की ती राखीव होते, चुकून कचऱ्यात जात नाही.

बाकी विचारा, सांगतो. माहीत असलेल्यांनी भर घाला.

बुटीबोरी_एक्सप्रेस | रविवार, दुपारी ३:४२

भाऊ, इतका जिना कायले खोदते बे कोणी? सरळ खाली मार ना. मी तं घराच्या बाजूलेच दोन ठोकळ्यांचा खड्डा घेतो आन् थेट पाताळापर्यंत नेतो. त्याले हेलेव्हेटर म्हणते. एकदा झाला का मंग पुऱ्या जगात कुठल्याबी खोलीवर पाच मिनटात. जिन्यानं जाशीन तं म्हातारा होशीन.

मोरपंखी | रविवार, दुपारी ४:०५

नमस्कार. मी खेळत नाही, माझा मुलगा खेळतो, मोबाइलवर. वय वर्षे दहा. काल लाव्ह्यात पडला आणि सगळं सामान गेलं म्हणून तासभर रडत होता. तो म्हणतो त्याच्या मित्राचं सामान मेल्यावरही जात नाही, याचंच जातं. हे कसं काय? काही सेटिंग आहे का? आणि एकंदरीत हा खेळ लहान मुलांसाठी ठीक आहे ना?

इतवारीवाला | रविवार, दुपारी ४:३०

ताई, तुमच्या मुलाने पात्र बनवताना मीडियमकोर निवडलंय. जर्नी नावाचा वेगळा प्रकार सोडला तर गेममध्ये पात्राचे तीन प्रकार असतात. साधं म्हणजे क्लासिक: मेलं तर खिशातली काही नाणी पडतात, बाकी सामान अंगावरच राहतं. मीडियमकोर: मेलं की सगळं तिथेच पडतं, जाऊन उचलून आणावं लागतं. हार्डकोर: मेलं की पात्रच कायमचं गेलं. मित्राचं क्लासिक असणार.

आहे त्या पात्राचा प्रकार बदलता येत नाही, पण रडायचं कारण नाही. या गेममध्ये पात्र वेगळं आणि जग वेगळं सेव्ह होतं. जुन्या पात्राला घरी न्यायचं, उरलेलं सामान पेटीत टाकायचं आणि बाहेर पडायचं. नवीन क्लासिक पात्र बनवून त्याच जगात शिरायचं. घर तसंच, बोगदे तसेच, पेटीतलं सामानही तसंच. फक्त जीव वाढवणारी स्फटिकं नव्या पात्राला पुन्हा शोधावी लागतील. लाव्ह्यात पडलेलं मात्र विसरा, साध्या वस्तू त्यात जळूनच जातात.

मुलांसाठी म्हणाल तर मारामारी आहे, पण कार्टून छापाची. युरोपात याला १२ वर्षांवरचा शिक्का आहे. रक्त दिसतं ते सेटिंगमध्ये बंद करता येतं, 'ब्लड अँड गोर' असा पर्याय आहे. अनोळखी लोकांबरोबर ऑनलाइन खेळू देऊ नका, एवढं पाहिलं तर बाकी ठीक.

@बुटीबोरी, तुझ्या खड्ड्याचं नंतर पाहतो, चहा झाला की.

कोथरूडकर | रविवार, सायंकाळी ५:१५

धागा चांगला आहे, पण एक शंका. हे सगळं आधीच सांगून टाकलं तर नवीन माणसाने शोधायचं काय? हा गेम शोधण्याचाच आहे. मी विकी (गेमची सगळी माहिती देणारी वेबसाइट) न उघडता खेळलो आणि तीच खरी मजा होती.

बुटीबोरी_एक्सप्रेस | रविवार, सायंकाळी ५:१९

पुण्याचे लोकं धाग्यावर आले का पह्यले शंकाच काढते 😄

इतवारीवाला | रविवार, सायंकाळी ५:५०

कोथरूडकर, मुद्दा अर्धा पटतो. विकी उघडून बाजूला ठेवून खेळणं म्हणजे परीक्षेत गाइड घेऊन बसणं, तेही मान्य. पण गेममध्येच एक गाइड दिलेला आहे, तो जगाबरोबरच जन्माला येतो, त्याचा वापर कोणी करत नाही हे माझं दुःख आहे. त्याच्याशी बोला, 'क्राफ्टिंग' दाबा, हातातली कुठलीही वस्तू त्याला दाखवा. त्या वस्तूपासून काय काय बनतं ते सगळं तो दाखवतो. म्हणजे नवीन धातू सापडला की वर यायचं, गाइडला दाखवायचा. विकीची गरज पहिले काही तास तरी पडत नाही.

पण त्या गाइडला आणि त्याच्यामागून येणाऱ्यांना घर लागतं, आणि इथेच लोकं अडकतात. घराच्या भिंती, छत, फरशी धरून निदान ६० ठोकळ्यांचं माप पाहिजे. बाहेरून १० बाय ६ धरा, होऊन जातं. एक दार. एक उजेड, टॉर्च चालतो. एक टेबल, एक खुर्ची. आणि मागची भिंत! समोरून घर झालेलं दिसतं पण मागे आभाळ दिसत असलं तर ते घर नाही. टेकडीत खोदून घर केलं तर मागे मातीची नैसर्गिक भिंत असते, तीही धरत नाहीत; हातोड्याने काढून स्वतःची लावायची.

व्यापारी येतो ५० चांदीची नाणी जमली की. त्याच्याकडे दोर मिळतो, टॉर्च मिळतात, मायनिंग हेल्मेट मिळतं (डोक्यावरच दिवा, महाग आहे पण मस्त), आणि पिगी बँक मिळते. पिगी बँकेत टाकलेलं मेल्यावर जात नाही. नर्स येते ती व्यापारी आल्यावर, तुम्ही एक तरी लाइफ क्रिस्टल (जीव वाढवणारं स्फटिक) वापरलं असलं की. बॉम्ब खिशात असला की बॉम्बवाला येतो.

खाणीतले_काका | रविवार, रात्री ९:०५

नमस्कार मंडळी. मी वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोळशाची कंपनी) निवृत्त, सगळी नोकरी भूमिगत खाणींमध्ये. नातू हा गेम खेळतो, त्याच्या शेजारी बसून पाहता पाहता मलाही चटक लागली. तुमची चर्चा वाचून राहवलं नाही.

इतवारीवाले, तुमचा परत येण्याचा मुद्दा अगदी योग्य. आमच्याकडे खाली जाणारा प्रत्येक माणूस आधी लॅम्प रूममध्ये जातो. कॅप लॅम्प घ्यायचा, टोकन द्यायचं. पाळी संपली की खुंट्यांवर नजर टाकली तरी कळतं, कोणाचा लॅम्प परत आलेला नाही, म्हणजे कोण अजून खाली आहे. उजेड हा आमच्याकडे नुसता पाहण्यासाठी नसतो, हिशेबासाठीही असतो. नातवाला मी तीच सवय लावली. आत जाताना टॉर्च नेहमी उजव्या भिंतीला लावायचा. येताना सगळे टॉर्च डाव्या हाताला दिसले की समजायचं, वाट बरोबर आहे. फाटे फुटलेल्या गुहेत नकाशा पाहत बसावं लागत नाही. ज्या फाट्यात काही नाही असं कळलं, त्याच्या तोंडाशी दोन टॉर्च एकावर एक.

दुसरं छताचं. खाणीत नव्याने उघडलेल्या जागी गेलं की आधी काठीने छत ठोकून पाहतात. घट्ट दगड असला तर खणखणीत वाजतो, वरचा थर सुटलेला असला तर भदभद आवाज येतो. तसा आवाज आला की तिथला सैल दगड आधी पाडून घ्यायचा, मगच खाली उभं राहायचं. गेममध्ये दगड-माती अधांतरी राहते, त्यामुळे पोरं निर्धास्त होतात. पण वाळू आणि गाळ तसा राहत नाही, खालचा ठोकळा काढला की सगळा लोंढा डोक्यावर. नातू वाळवंटाखाली खोदत होता, मी म्हटलं वर रंग पाहा, पिवळं दिसतंय. तोवर उशीर झाला होता.

आता हेलेव्हेटरबद्दल. बुटीबोरीच्या मुलाचं अगदीच चूक नाही. आमच्याकडेही आधी शाफ्ट (उभी विहीर) किंवा इन्क्लाइन (तिरकी वाट), मग तिथून आडव्या गॅलऱ्या. पण शाफ्ट कुठे घ्यायचा हे कोणी अंगणात उभं राहून ठरवत नाही. आधी बोअरहोल घेतात, थर कुठे आहे, किती जाड आहे, पाणी किती आहे ते पाहतात, मग पैसा जमिनीत घालतात. या गेममध्ये निसर्गाने केलेल्या गुहा हीच तुमची बोअरहोल. आधी त्या फिरा.

बुटीबोरी_एक्सप्रेस | रविवार, रात्री ९:२०

काका 🙏 पुरा धागा एकीकडे, तुमची पोस्ट एकीकडे. पण शाफ्टले हाव म्हटलं तुमी, मले तेवढंच पाह्यजे होतं.

इतवारीवाला | रविवार, रात्री १०:१०

काका, नमस्कार. ते उजव्या-डाव्या टॉर्चचं मी उद्यापासून वापरणार.

आता बुटीबोरी, ऐक. तांब्याच्या पिकॅक्सने पाताळापर्यंत खड्डा घेणं म्हणजे दिवसचे दिवस एकच भिंत पाहणं. आणि वाटेत तू काय काय सोडून जातोस? नैसर्गिक गुहांमध्ये मडकी असतात, पेट्या असतात, लाइफ क्रिस्टल असतात. लाल हृदयाच्या आकाराचा स्फटिक दिसला की फोडायचा आणि वापरायचा, एकाला २० जीव वाढतो. सुरुवात १०० ने होते, अशी १५ स्फटिकं वापरली की ४००. ही तुझ्या दोन ठोकळ्यांच्या खड्ड्यात किती येतील? खोलवरच्या सोनेरी पेटीत मॅजिक मिरर मिळू शकतो. तो एकदा मिळाला की परत येण्याची कटकटच मिटली. वापरला की थेट घरी, कितीही वेळा. मी तर म्हणतो नवीन माणसाने पहिलं ध्येय तेच ठेवावं. सोनं नाही, मिरर.

शिवाय खड्डा तलावाखालून गेला की सगळं पाणी तुझ्यामागे खाली. पाण्यात टॉर्च लागत नाही, तिथे ग्लोस्टिक (चमकणारी कांडी) लागते. खाली लाव्हा असला आणि वरून पाणी आलं तर दोघं मिळून ऑब्सिडियन होतो, ते एक बरं.

आणि पाताळात पोचून करणार काय? तिथला हेलस्टोन खोदायला पिकॅक्सची ताकद ६५ टक्के लागते. तांब्याची ३५, लोखंडाची ४०, चांदीची ४५, सोन्याची ५५. तुझ्या जगात तांब्याऐवजी कथील, लोखंडाऐवजी शिसं, चांदीऐवजी टंगस्टन, सोन्याऐवजी प्लॅटिनम निघू शकतं. ती थोडी वरचढ असतात, पण प्लॅटिनमही ५९ वरच थांबतं. ६५ गाठायला करप्शन किंवा क्रिमझनमधल्या (जगातले दुष्ट भाग, दोघांपैकी एक असतो) बॉसला, म्हणजे मोठ्या राक्षसाला, हरवून त्याचा माल आणावा लागतो, तेव्हा करप्शनमध्ये नाइटमेअर आणि क्रिमझनमध्ये डेथब्रिंगर पिकॅक्स होते. म्हणजे तोवर पाताळात जाऊन भिंतीवर डोकं आपटायचं.

सगळ्यात मोठी भानगड तिथले व्हूडू डीमन. त्यांच्याकडे गाइडची बाहुली असते. तू लाव्ह्याच्या वर असताना त्याला मारलंस, बाहुली लाव्ह्यात पडली, तर गाइड मरतो आणि वॉल ऑफ फ्लेश नावाचा पाताळातला बॉस येतो. नवख्या पोट्ट्याच्या अंगावर लोखंडाचं चिलखत आणि समोर तो. मेला तर मेला. चुकून जिंकलाच तर त्याहून वाईट, जग हार्डमोडमध्ये (फार अवघड टप्प्यात) जातं आणि ते माघारी नेता येत नाही.

बुटीबोरी_एक्सप्रेस | रविवार, रात्री १०:३१

बाहुलीचं बराबर आहे भाऊ, ते लिवाले पाह्यजे होतं मी. पण मी काई पह्यल्या दिवशी खोदा नाई म्हणून राहिलो. सोन्याची पिकॅक्स झाल्यावर खोदा. आन् डायनामाइट वापरा ना, बॉम्बवाला इकते. मधात मधात प्लॅटफॉर्म टाका, नाई तं पाताळाच्या जरा वर पाण्याचं टाकं करा, मंग वरून बिनधास्त उडी. खड्डा झाल्यावर त्याच्यातूनच डावीकडं उजवीकडं बोगदे काढा, काकाच्या गॅलरीवानी. गुहेत आधी फिरा हे मान्य. पण कायम गुहेतच फिरत राहशीन तं घरी येता येताच रात होते.

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ४:४०

मिहानमध्ये (नागपूरचं आयटी-उद्योग क्षेत्र) ऑफिस, शिफ्ट आत्ता सुटली. धागा एका दमात वाचला. मी आणि भाऊ एकाच घरी दोन लॅपटॉपवर खेळतो. त्याने होस्ट केलं (त्याच्या लॅपटॉपवर जग उघडलं) की मला जोडताच येत नाही. आणि तो कॉलेजला गेला की आमचं जगही बंद. काय करावं?

इतवारीवाला | सोमवार, सकाळी ८:१५

दोन वेगळे प्रश्न आहेत. जोडता येत नाही याचं कारण बहुतेक विंडोजचं फायरवॉल. भावाच्या लॅपटॉपवर टेरारियाला परवानगी द्या. दोघं एकाच वायफायवर हवेत आणि गेमची आवृत्तीही एकच हवी, हे आधी पाहा, अर्ध्या भानगडी तिथेच असतात. भावाच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'आयपीकॉन्फिग' टाकून स्थानिक पत्ता घ्या, तो तुमच्याकडे टाका, पोर्ट ७७७७ तसाच राहू द्या.

दुसरं, जग होस्टच्या मशीनवर असतं. तो गेला की जग गेलं. पण तुमचं पात्र तुमच्याकडेच असतं. तुम्ही तुमचं वेगळं जग बनवून तिथे खोदा, माल घेऊन संध्याकाळी भावाच्या जगात या. खूप लोक असंच करतात, एका जगात घरदार आणि दुसरं जग फक्त उकरायला. काही जण याला चीटिंग म्हणतात. मला नाही वाटत.

कोथरूडकर | सोमवार, सकाळी ९:०२

मला वाटतं. दुसऱ्या जगातून सोनं आणायचं म्हणजे शेजारच्या बागेतले आंबे आपल्या आमरसात.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ९:०६

आमच्याकडे शेजारी स्वतःच आणून देतात 😁 फायरवॉलच होतं. चाललं! झोपतो आता.

मोरपंखी | सोमवार, दुपारी १:२०

इतवारीवाला, मनापासून आभार. नवीन पात्र केलं, जुनं घर मिळालं, चिरंजीव खूश. आता पुढचा प्रश्न, त्याचाच शब्दशः विचारते: "गुहेत वटवाघळं मारतात आणि औषध प्यायलं तरी लगेच दुसरं पिता येत नाही." याला काय उत्तर देऊ?

इतवारीवाला | सोमवार, दुपारी २:००

त्याला सांगा, औषधाची बाटली प्यायली की मिनिटभर दुसरी पिता येत नाही, सगळ्यांनाच. म्हणून जीव अर्ध्यावर आला की तेव्हाच प्यायची आणि ते मिनिट मागे सरकून काढायचं. अगदी शेवटच्या थेंबावर पिण्यात अर्थ नाही. मशरूम, जेल आणि काचेची बाटली यांतून साधं औषध घरीच होतं, टेबलावर एक रिकामी बाटली ठेवली की तिथे बनवता येतं.

वटवाघळांसाठी मोकळ्या गुहेत लढू नये. मागे सरकून ३ उंचीच्या बोगद्यात यायचं, मग ती समोरूनच येतात. आणि चिलखत. लोकं पहिलं लोखंड मिळालं की पिकॅक्स करतात, मी आधी चिलखत करायला सांगतो. भट्टीला २० दगड, ४ लाकडं, ३ टॉर्च. तीन खनिजांची एक लोखंडी कांडी, पाच कांड्यांची ऐरण. ऐरणीवर पुढचं सगळं.

वाटेत जमिनीवर बारीक बटणासारख्या पट्ट्या दिसल्या तर पाय देऊ नये. बाण सुटतो किंवा वरून गोटा घरंगळत येतो. उडी मारून पुढे जावं.

खाणीतले_काका | सोमवार, दुपारी ४:१२

चिलखत आधी, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही हेल्मेट आणि बूट नसले तर खाली सोडत नाहीत, मग तो कितीही मोठा साहेब असो.

एक निरीक्षण नोंदवतो. खाणीच्या नियमांत खाली काम चालू असेल तर बाहेर पडण्याच्या निदान दोन वाटा लागतात. एक बंद पडली तर दुसरी. गेममध्ये हा नियम कोणी लावत नाही, पण फायदा आहे. नातवाच्या जगात मी घराखालून एक वाट आणि जंगलाच्या बाजूने दुसरी अशी करून घेतली. अंतर कमी झालं, आणि एका वाटेवर राक्षसांची गर्दी झाली की पोरगं दुसरीकडून निघतं.

हवेचा प्रश्न मात्र गेमवाल्यांनी सोडूनच दिलाय. पाण्याखाली तेवढा श्वास संपतो, बाकी पाताळापर्यंत कुठे पंखा नाही, वायूची तपासणी नाही. आमचा व्हेंटिलेशन ऑफिसर हे पाहून बेशुद्ध पडला असता.

नागपुरात या गेमला इतके लोक का, असं कोणी विचारलं तर वेकोलि इथे, मॉइल (मँगनीज खाणींची कंपनी) इथे, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालयही इथेच. घराघरात कोणी ना कोणी खाणीशी जोडलेला. हे आपलं माझं मत, त्यावर भांडू नये.

बुटीबोरी_एक्सप्रेस | सोमवार, दुपारी ४:३०

भांडत नाई काका 😂 एक प्रश्न हाय. हूक (भिंतीले अडकवून वर चढाचा आकडा) कुठून भेटते? सांगाड्यायले मारून मारून थकलो, पडूनच नाई राहिला.

इतवारीवाला | सोमवार, सायंकाळी ५:०५

सांगाड्यांची वाट पाहू नको. कुठल्याही एका रत्नाचे १५ खडे घे आणि ऐरणीवर हूक कर. जांभळा ॲमेथिस्ट सगळ्यांत वरच्या थरांत सापडतो. महागड्या रत्नांचा हूक थोडा लांब जातो, पण पहिल्याला ॲमेथिस्ट पुष्कळ. हूक आला की जिन्याची माझी शिफारस मागे घेतो, मग मार तुला पाहिजे तसा खड्डा.

आणि वाटेत विटांची डंजन लागली, दाराशी म्हातारा उभा असला, तर आत घुसू नको. तिथल्या स्केलेट्रॉन नावाच्या बॉसला हरवण्याआधी खोल आत गेलास तर एक मोठी कवटी येते आणि एका फटक्यात संपवते.

बुटीबोरी_एक्सप्रेस | सोमवार, सायंकाळी ५:२२

ॲमेथिस्ट तं माझ्या पेटीत पडूनच हाय बे! बनवतो.

काका, तुमच्यासाठी एक गोष्ट. जग बनवताना सीडच्या (जग कसं बनन ते ठरवणारा कोड) खान्यात 'डोन्ट डिग अप' लिवा, इंग्रजीत. मंग तुमी सुरूच पाताळातून होता. सगळं उलटं. खालून वर यायचं.

इतवारीवाला | सोमवार, सायंकाळी ५:३०

नवख्यांनी हे करू नये. पुन्हा सांगतो, करू नये.

खाणीतले_काका | सोमवार, सायंकाळी ५:४८

पाळी सुरू होतानाच माणूस तळाशी, आणि लॅम्प रूम नाही? नातवाला विचारतो. सीडचा खाना जगाचं नाव टाकतात तिथेच असतो ना?

बुटीबोरी_एक्सप्रेस | सोमवार, सायंकाळी ५:५०

हाव काका, नावाच्या खालीच. टॉर्चसाठी लाकूड पह्यले शोधा.